हृदयविकाराचा झटका: छातीत दुखू लागल्यापासून पहिल्या वर्षाच्या औषधांपर्यंत काय करावे

हृदयविकाराच्या झटक्यावर आज परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत, परंतु ते वेळेशी इतके बांधलेले आहेत की त्यांचा लाभ किती मिळेल, हे बऱ्याच अंशी डॉक्टरांपेक्षा घरातली माणसेच ठरवतात. रुग्णालयाकडे निघायचे कधी आणि घरी परतल्यावर कोणती गोष्ट मुळीच थांबवायची नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे घरात कोणाला तरी आधीपासून ठाऊक असावीत, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन आहे. त्यासाठी हृदयाचे काम कसे चालते, हे थोडक्यात समजून घ्यावे लागेल. कारण पुढच्या प्रत्येक गोळीचे आणि प्रत्येक निर्णयाचे कारण तिथेच आहे.

हृदयाला रक्त कोण पुरवते

प्रौढ माणसाचे हृदय साधारण त्याच्या मुठीएवढे आणि वजनाने सुमारे ३०० ग्रॅम असते. त्याचे चार कप्पे असतात: वरची दोन अलिंदे रक्त गोळा करतात आणि खालची दोन निलये ते पुढे ढकलतात. शरीरातून आलेले अशुद्ध रक्त उजव्या बाजूने फुप्फुसांत जाते, तिथे प्राणवायू घेऊन डाव्या बाजूला येते आणि डाव्या निलयातून महाधमनीत फेकले जाते. विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्ताची ही ये-जा चालू असते. ठोक्याचा इशारा उजव्या अलिंदातील पेशींच्या एका लहानशा पुंजक्यातून निघतो आणि विजेच्या सूक्ष्म लहरीच्या रूपाने संपूर्ण स्नायूत पसरतो. ईसीजीच्या कागदावर जी रेघ उमटते, ती याच लहरीची.

हृदयाच्या आत सतत रक्त असले, तरी हृदयाचा जाड स्नायू त्या रक्तावर जगत नाही. त्याला स्वतःचा वेगळा पुरवठा लागतो आणि तो महाधमनीच्या मुळापासून निघणाऱ्या दोन हृदयधमन्यांतून येतो. डाव्या धमनीच्या पुढे दोन मोठ्या शाखा होतात, त्यामुळे डॉक्टर बोलताना ‘तीन नळ्या’ असा उल्लेख करतात. डाव्या बाजूच्या स्नायूला या धमन्यांतून मिळणारे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळते, कारण आकुंचनाच्या वेळी स्नायूच आतल्या बारीक वाहिन्यांना पिळून धरतो. ठोके वाढले की हा विसावा आखूड होतो, म्हणजे मागणी वाढत असतानाच पुरवठ्याची वेळ कमी होते. ठोके मंद करणारी गोळी हृदयाच्या रुग्णाला का देतात, याचे उत्तर यात आहे.

आता बिघाडाकडे येऊ. रक्तातील एलडीएल नावाचे कोलेस्टेरॉल धमनीच्या अस्तराखाली शिरते, त्याला निपटण्यासाठी पांढऱ्या पेशी येतात आणि वर्षानुवर्षे तिथे चरबी, मृत पेशी आणि चुना यांचा थर साचत जातो. तंबाखू, मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही प्रक्रिया वेगवान करतात. हा थर हळूहळू वाढून नळी अरुंद झाली, तर जिना चढताना किंवा भरभर चालताना छाती भरून येते आणि थांबल्यावर बरे वाटते. झटका मात्र बहुतेक वेळा निराळ्या रीतीने येतो. थरावरचे पातळ आवरण अचानक फाटते, आत साचलेला गाळ रक्ताच्या संपर्कात येतो, जखम झाल्यासारखी रक्ताची गुठळी तयार होते आणि ती काही मिनिटांत नळी बंद करते. फाटणारा थर मोठाच असतो असे नाही. नळी निम्मीसुद्धा न अडवणारा थर फाटूनही प्राणघातक झटका येऊ शकतो. त्यामुळे मागच्या महिन्यात ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट चांगली आली होती, हे छातीत दुखत असताना घरी थांबण्याचे कारण होऊ शकत नाही.

नळी पूर्ण बंद झाल्यावर साधारण २० ते ४० मिनिटांत स्नायू कायमचा मरू लागतो आणि पुढच्या सहा तासांत त्या नळीवर अवलंबून असलेल्या भागाचे बहुतेक नुकसान होऊन जाते. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो आणि व्रण आकुंचन पावत नाही.

घरात असताना

छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे, ते डाव्या किंवा दोन्ही हातांत, खांद्यांत, जबड्यात, पाठीत वा पोटाच्या वरच्या भागात पसरणे, दरदरून घाम फुटणे, मळमळ आणि जीव घाबरा होणे ही नेहमीची लक्षणे होत. रुग्ण अनेकदा ‘दुखतंय’ असा शब्द वापरतही नाही. तो छातीवर मूठ ठेवतो आणि ‘इथं काहीतरी दडपलंय’ असे सांगतो. स्त्रियांमध्ये, वृद्धांमध्ये आणि बऱ्याच वर्षांच्या मधुमेहींमध्ये छातीचे दुखणे अगदी सौम्य असू शकते किंवा नसतेच; अचानक दम लागणे, विलक्षण थकवा, उलटी किंवा घाम एवढ्यावरच झटका येऊन जातो.

आपल्याकडे सर्वाधिक वेळ ‘गॅस झाला असेल’ या वाक्यात जातो. इनो, सोडा, ओवा, लिंबूपाणी असे एकेक करून बघताना तास उलटतो, आणि ढेकर आल्यावर जरा बरे वाटले तर दुसराही उलटतो. आम्लपित्त आणि हृदयाचे दुखणे यांत घरबसल्या फरक करणे अनुभवी डॉक्टरांनाही ईसीजीशिवाय जमत नाही, तेव्हा घरच्यांनी तो प्रयत्न करू नये. वर सांगितलेल्या प्रकारचा त्रास बसून विश्रांती घेतल्यावरही दहा मिनिटांत ओसरला नाही, किंवा सोबत घाम, दम वा चक्कर असेल, तर तो हृदयाचाच समजून निघावे. ईसीजी आणि रक्ततपासणीनंतर तो खरोखर गॅस निघाला, तर एक रात्र आणि थोडे पैसे गेले, एवढेच.

रुग्णाला लगेच बसवावे किंवा उशांना टेकून अर्धवट झोपवावे. त्याने चालू नये, जिना उतरू नये. वरच्या मजल्यावर घर असेल तर खुर्चीत बसवून खाली आणावे. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवावी. रुग्णवाहिका लवकर येण्यासारखी नसेल तर मिळेल त्या चारचाकीने निघावे, मात्र रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये आणि त्याला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये. तो शुद्धीवर असेल, ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि पोटातून वा अन्यत्र रक्तस्राव झालेला नसेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्यावे; घरात ७५ मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील तर चार द्याव्यात. चावणे महत्त्वाचे आहे, कारण गिळलेली गोळी पोटात विरघळायला वेळ घेते. रक्तवाहिन्या सैल करणारी, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी मात्र ज्याला डॉक्टरांनी आधी लिहून दिली आहे त्यालाच, बसलेल्या अवस्थेत द्यावी. रक्तदाब कमी असताना, झटका हृदयाच्या उजव्या भागाचा असताना किंवा लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिलसारखी गोळी नुकतीच घेतलेली असताना ती दिल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. ही शेवटची माहिती रुग्ण बायकामुलांसमोर सांगत नाही, म्हणून ती एकांतात विचारावी.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. झटका आल्यावर जोरजोरात खोकत राहिल्याने जीव वाचतो, असा संदेश व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरत आहे. घरी करण्याचा उपाय म्हणून त्याला वैद्यकीय आधार नाही आणि त्यात निघण्याचा वेळ वाया जातो.

झटका आणि हृदय बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पहिलीतून दुसरी घडू शकते. रुग्ण अचानक कोसळला, हाकेला ओ देत नसेल आणि श्वास बंद असेल किंवा आचके दिल्यासारखा चालत असेल, तर नाडी शोधत बसू नये. त्याला कठीण जमिनीवर उताणे झोपवावे, छातीच्या मध्यभागी एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपरे ताठ ठेवून, ५ ते ६ सेंटीमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. एक माणूस दोन मिनिटांत थकतो, म्हणून आळीपाळीने दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये. बरगडी मोडेल ही भीती खरी असली, तरी ती बाजूला ठेवावी, बरगडी जुळते.

कोणत्या रुग्णालयात जायचे, हे त्या क्षणी ठरवू नये. आपल्या परिसरात चोवीस तास कॅथ लॅब, म्हणजे हृदयाच्या बंद नळ्या तपासून उघडण्याची खोली, चालू असलेले रुग्णालय कोणते, रात्री तिथे पोचायला किती वेळ लागतो आणि वाटेत ईसीजी काढून गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देणारे केंद्र कोणते आहे, याची चौकशी घरात मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या प्रत्येक कुटुंबाने आधीच करून ठेवावी. पुण्या-मुंबईत थेट कॅथ लॅब गाठणे योग्य ठरते. कोकणातल्या घाटवाटेवरच्या किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागातल्या गावातून मोठ्या शहराकडे तीन-चार तास धाव घेण्यापेक्षा जवळच्या रुग्णालयात इंजेक्शन घेऊन मग पुढे निघणे अधिक सुरक्षित असते.

रुग्णालयातला पहिला तास

पोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे. नोंदणीच्या रांगेत उभे राहावे लागले तर ‘छातीत दुखतंय, आधी पट्टी काढा’ एवढे स्पष्ट शब्दांत सांगण्याचा नातेवाइकांना अधिकार आहे. ईसीजीच्या पट्टीवर विशिष्ट भाग वर उचललेला दिसला, तर मोठी नळी पूर्ण बंद असल्याचे डॉक्टर धरतात आणि पुढच्या कोणत्याही तपासणीची वाट न पाहता ती उघडण्याची तयारी करतात. पहिला ईसीजी सामान्य आला म्हणून लगेच घरी परतू नये. त्रास चालू असेल तर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो. मेलेल्या स्नायूतून रक्तात उतरणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाची तपासणीही काही तासांच्या अंतराने दोनदा करतात, कारण ते वाढायला वेळ लागतो. ईसीजीत तो उचललेला भाग नसताना ट्रोपोनिन वाढलेले आढळले, तर झटका असतोच, परंतु बहुतेक अशा रुग्णांची अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या नळ्यांची क्ष-किरण तपासणी, औषधे सुरू करून पुढच्या एक-दोन दिवसांत केली तरी चालते.

नळी उघडण्याचे दोन मार्ग आहेत. निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने नळी उघडण्याची क्रिया, होऊ शकत असेल, तर ती सर्वांत चांगली. ते शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारे औषध द्यावे लागते: टेनेक्टेप्लेज वजनानुसार एकाच इंजेक्शनात दिले जाते, तर जुने आणि स्वस्त स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट इतके, साधारण अर्धा ते एक तास सलाइनमधून दिले जाते. या औषधांचा उपयोग पहिल्या तीन तासांत सर्वाधिक होतो आणि बारा तासांनंतर ती सहसा देत नाहीत. त्यांनी गुठळी विरघळण्याबरोबर शरीरात अन्यत्र रक्तस्रावही होऊ शकतो, म्हणून डॉक्टर घाईघाईने काही प्रश्न विचारतात: पूर्वी मेंदूत रक्तस्राव वा पक्षाघात झाला होता का, अलीकडे शस्त्रक्रिया किंवा डोक्याला मार लागला का, शौचातून काळे रक्त गेले का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. याची उत्तरे देणारा माणूस रुग्णाजवळ हवा. सगळे जण बिलाच्या खिडकीवर असू नयेत. इंजेक्शनने नळी उघडली, तरी पुढच्या २ ते २४ तासांत अँजिओग्राफी करण्याची शिफारस आहे, त्यामुळे ‘आता बरं वाटतंय’ म्हणून पुढचा प्रवास रद्द करू नये.

अँजिओप्लास्टीची नातेवाइकांना जितकी धास्ती वाटते, तितकी ती क्रिया भयावह नाही. पूर्ण भूल लागत नाही. मनगटाजवळची जागा बधिर करून तिथल्या धमनीत सुमारे दोन मिलिमीटर जाडीची नळी सरकवतात आणि ती दंडातून, खांद्यातून महाधमनीच्या मुळाशी नेतात. औषध सोडल्यावर क्ष-किरणांच्या पडद्यावर धमन्यांचे जाळे काळ्या फांद्यांसारखे उमटते आणि बंद झालेली फांदी मध्येच तुटल्यासारखी दिसते. केसासारखी बारीक तार त्या अडथळ्यातून पार नेतात, तिच्यावरून फुगा आत सरकवून फुगवतात आणि धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, भिंतीला चिकटवून बसवतात. फुगा फुगलेला असताना नळी काही क्षण पूर्ण बंद असते, त्यामुळे छातीत पुन्हा तसाच दाब जाणवतो. रुग्णाला हे आधी सांगितले असेल तर तो घाबरत नाही. ही पद्धत आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये जागृत रुग्णावर प्रथम वापरली. तेव्हा स्टेंट नव्हता, केवळ फुगा होता.

खर्चाबाबत दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमतींवर मर्यादा घातली. औषध सोडणाऱ्या स्टेंटसाठी ती त्या वेळी २९,६०० रुपये होती आणि त्यानंतर वेळोवेळी बदलली आहे. बिलात स्टेंटची किंमत, उत्पादक, ब्रँडचे नाव आणि बॅच क्रमांक स्वतंत्र नोंदवलेला असणे आवश्यक आहे, तो पाहून घ्यावा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांत अँजिओप्लास्टी आणि बायपास हे दोन्ही उपचार योजनेतून होऊ शकतात. अशा रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन पहिल्याच दिवशी त्याला भेटावे. बिल भरून झाल्यावर योजनेची आठवण होऊन उपयोग होत नाही.

झटका नसताना सांगितलेला स्टेंट

वरची घाई झटक्यासाठी आहे. झटका नाही, चालताना छाती भरते, किंवा तेही नाही आणि सहज केलेल्या तपासणीत ‘८० टक्के ब्लॉक’ निघाला आहे, अशा वेळी मात्र बहुतेकांच्या हाताशी विचाराला वेळ असतो, आणि तो घ्यावा. माझ्या मते आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो: जिथे धावायला हवे तिथे लोक थांबतात आणि जिथे थांबता येते तिथे टेबलावर असतानाच सही करून मोकळे होतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या मोठ्या चाचणीत भारतासह ३७ देशांतील ५,१७९ स्थिर रुग्ण होते. त्यांच्यात सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने, केवळ औषधांनी सुरुवात करण्याच्या तुलनेत, मृत्यू किंवा झटके एकंदरीत कमी झाले नाहीत. छातीचे दुखणे ज्यांना वारंवार होत असे, त्यांना मात्र चांगला आराम पडला. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले आणि पंपिंग (हृदयाची रक्त बाहेर फेकण्याची ताकद) फारच कमी असलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, त्यामुळे त्यांना हा निष्कर्ष लागू करू नये.

तेव्हा डॉक्टरांना विचारावे: अडथळा डाव्या मुख्य धमनीत आहे का, किती नळ्यांत आहे, पंपिंग किती आहे, औषधांची पूर्ण मात्रा देऊन पाहिली आहे का, आणि स्टेंटचा हेतू दुखणे कमी करण्याचा आहे की आयुष्य वाढवण्याचा. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्यावी आणि दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावी. यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

मधुमेह आणि तिन्ही नळ्यांत अडथळे अशी जोडी असेल, तर बायपासचा सल्ला बहुधा योग्य असतो. २०१२ च्या ‘फ्रीडम’ चाचणीत अशा रुग्णांमध्ये बायपास केलेले लोक स्टेंट घातलेल्यांपेक्षा अधिक जगले आणि त्यांना झटके कमी आले, पक्षाघात मात्र थोडा जास्त झाला. बायपासमध्ये छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी आणि पायातली शीर वापरून अडथळ्याच्या पुढे रक्ताला नवी वाट करून देतात. छातीचे हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. तोवर पाण्याने भरलेली कळशी, गॅसचे सिलिंडर किंवा नातवंड उचलू नये.

पंपिंगचा आकडा

टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालातला ‘ईएफ’, म्हणजे लोकांच्या तोंडचे पंपिंग, हा घराघरांत भीतीचा विषय असतो. डावे निलय भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर फेकते, तो हा आकडा. निरोगी हृदयही ते सारे रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के हे सामान्य असते. म्हणून ‘पंपिंग ५०’ म्हणजे हृदय निम्मे निकामी, असा अर्थ काढू नये. ४० किंवा त्याखाली असेल तर हृदय अशक्त झाल्याची औषधे काटेकोरपणे घ्यावी लागतात. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत काही स्नायू मेलेला नसून केवळ सुन्न झालेला असतो आणि तो पुढच्या काही आठवड्यांत कामाला लागतो. त्यामुळे रुग्णालयातल्या पहिल्या आकड्यावरून कायमचा निष्कर्ष न काढता सहा ते बारा आठवड्यांनी इको पुन्हा करावी. दरम्यान पाय सुजणे, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे किंवा रात्री आडवे झाल्यावर दम लागून उठून बसावे लागणे, यांपैकी काही आढळल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

घरी परतल्यावर

स्टेंट एका ठिकाणची नळी उघडतो. आजार मात्र तिन्ही नळ्यांच्या भिंतींत, आणि बहुधा मेंदूच्या व पायांच्या नळ्यांतही असतो, त्यावर स्टेंटचा काहीही परिणाम होत नाही. तो रोखण्याचे काम गोळ्या करतात. ‘नळी साफ झाली’ ही समजूत घेऊन घरी आलेला माणूस तीन महिन्यांनी गोळ्या सोडतो, आणि त्या सोडण्याची शिक्षा फार कठोर असू शकते.

रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या असतात: ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, आणि तिच्या जोडीला टिकॅग्रेलॉर, प्रासुग्रेल किंवा क्लोपिडोग्रेल यांपैकी एक. नवा स्टेंट धातूचा असतो. त्याच्यावर शरीराचे अस्तर चढेपर्यंत रक्त त्याला परके मानते आणि तिथे गुठळी करू पाहते. म्हणून ही जोडी झटक्यानंतर सर्वसाधारणपणे बारा महिने चालते. रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्यांत डॉक्टर ती लवकर कमी करतात, पण तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचाच असावा. दात काढायचा आहे, मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे, औषधाच्या दुकानात ब्रँड मिळाला नाही, नाकातून थोडे रक्त आले, गावच्या जत्रेला गेलो आणि पुडकी घरी राहिली, अशा कारणांनी ती परस्पर बंद होते. दात काढण्यासाठी या गोळ्या बहुधा थांबवाव्याच लागत नाहीत. टिकॅग्रेलॉर दिवसातून दोन वेळा घ्यावी लागते, त्यामुळे संध्याकाळची गोळी विसरली जाण्याचा संभव अधिक. तिने काही जणांना बसल्या बसल्या दम लागल्यासारखे होते. तसे झाल्यास गोळी न सोडता डॉक्टरांना कळवावे, दुसरी देता येते.

कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन, ही सर्वांत जास्त वेळा मध्येच सोडली जाणारी गोळी आहे. रिपोर्ट चांगला आला म्हणून ती बंद केली जाते, वास्तविक रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळे. झटका येऊन गेलेल्या माणसाचे एलडीएल ५५ च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट आहे, आणि ते केवळ पथ्याने सहसा गाठता येत नाही. चार ते सहा आठवड्यांनी रक्ततपासणी करून उद्दिष्ट गाठले नसेल तर इझेटिमाइबची जोड देतात. स्नायू दुखणे किंवा लघवी गडद होणे असे काही झाले तर मात्र लगेच सांगावे. रक्तदाब आणि हृदयावरचा ताण कमी करणाऱ्या रॅमिप्रिलसारख्या गोळीने काहींना सतत कोरडा खोकला लागतो. खोकल्याची औषधे घेत महिने काढण्यापेक्षा ती बदलून घ्यावी. निर्जळी उपवासाच्या दिवशीही गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्याव्यात. बायपासशिवाय नळ्या मोकळ्या करून देणाऱ्या ‘चिलेशन’ सलाइनच्या जाहिरातींकडे वळू नये. साचलेला थर तिने विरघळून जातो, असे सिद्ध झालेले नाही.

तंबाखू पूर्ण बंद करावी, आणि त्यात बिडी-सिगारेटइतकीच मळलेली तंबाखू, गुटखा आणि मशेरीही धरावी. मशेरीचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला घरातली आजी ‘नाही’ म्हणते आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत असते. डॉक्टरांनी आणि सुनांनी ती वेगळी विचारावी. जेवणात मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याएवढे, सगळे पदार्थ मिळून. पापड, लोणचे, फरसाण आणि वेफर्स यांतच ते संपून जाते. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास असावे, आणि तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या यांवर कोणतेही बंधन नाही.

चालणे पहिल्या आठवड्यात सपाट जागी पाच-दहा मिनिटांपासून सुरू करून हळूहळू आठवड्याचे पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत न्यावे. चालताना बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले तर वेग कमी करावा. गुंतागुंत नसेल तर टेबलावरचे काम दोन ते चार आठवड्यांत सुरू करता येते, शेतीतले किंवा ओझ्याचे काम डॉक्टरांना विचारूनच. दोन जिने न थांबता, दम किंवा दुखणे न होता चढता येत असतील, तर पतिपत्नींनी शरीरसंबंधांची भीती बाळगण्याचे कारण नाही. झोप उडणे, उगाच रडू येणे, सतत छातीकडे लक्ष जाणे हे झटक्यानंतर पुष्कळांना होते आणि त्यावरही उपचार आहेत. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी.

झटका पुरुषाला ५५ च्या आत किंवा स्त्रीला ६५ च्या आत आला असेल, तर भावंडे आणि सज्ञान मुले यांची कोलेस्टेरॉल, साखर आणि रक्तदाब तपासणी करून घ्यावी. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधी येतो, हे ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासातून दिसले आहे. त्यामुळे तिशीतल्या मुलाने ‘आपल्याला इतक्यात काय होतंय’ म्हणून ती पुढे ढकलू नये.

कागदपत्रांची एक फाइल करावी आणि ती घरात सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवावी. तिच्यात डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचे कार्ड, अँजिओग्राफीची सीडी, शेवटची इको आणि चालू गोळ्यांची यादी असावी. डिस्चार्जच्या दिवशीच्या ईसीजीचा स्पष्ट फोटो रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी दोघांच्या मोबाइलवर ठेवावा. झटक्यानंतर पट्टी अनेकदा कायमची बदललेली राहते; उद्या परगावी रात्री छातीत दुखले, तर तिथल्या अनोळखी डॉक्टरांना दिसणारा बदल जुना आहे की आत्ताचा, हे त्या फोटोशी ताडून पाहिल्यावर लवकर ठरवता येते.